जॉनी कॅशचं 'हर्ट' : भरलेलं टेबल, ओतलेली वाइन आणि जिन्यावरची बाई

पेटीवाल्याची_लेक | शनिवार, रात्री ११:१०

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाने एक व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, बाबांना दाखवायचा की नाही ते तू बघून ठरव." तेव्हापासून रोज एकदा तरी बघतेय.

जॉनी कॅश म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीतातलं मोठं नाव. गाणं मूळ त्याचं नाही. नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरने लिहिलेलं हे गाणं त्यांच्या १९९४ च्या अल्बममध्ये अगदी शेवटी येतं. कॅशने ते २००२ मध्ये गायलं, व्हिडिओ मार्क रोमानेकने केला. तेव्हा कॅश ७० वर्षांचा होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ्या कपड्यातला म्हातारा गिटार घेऊन बसलाय. समोर मेजवानीचं टेबल, फळं, पक्वान्नं, वाइन. तो काही खात नाही. मधे मधे त्याच्या तरुणपणाची दृश्यं येतात: आगगाडी, तुरुंगातले कार्यक्रम, टाळ्या. त्याच्याच नावाचं संग्रहालय दिसतं, पण बंद पडलेलं, धूळ खाणारं. एक गोल्ड रेकॉर्ड, म्हणजे भरपूर खपाबद्दल मिळणारी सोनेरी तबकडी, फुटलेली. मग तो वाइनचा पेला उचलतो आणि टेबलावर सगळीकडे ओततो, हात थरथरत असतात. शेवटी पियानोचं झाकण बंद करतो आणि त्यावरून हात फिरवत राहतो.

मला ते टेबल सोडवत नाहीये. माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. १९ वर्षं प्यायले. आता ६ वर्षं झाली, थेंब नाही. आमच्या घरी पाट मांडलेला असायचा, आई गरम भाकरी वाढायची, आणि बाबा ताटासमोर बसून नुसते बघत राहायचे. भूक मेलेली असायची. व्हिडिओत तो टेबलाच्या टोकाला बसतो ना, तो तसाच बसतो.

माझं म्हणणं असं, की हा व्हिडिओ व्यसनाबद्दल आहे. भाऊ म्हणतो, नाही, तो म्हातारपणाबद्दल आहे. तुम्हाला काय दिसतं?

---

कोरडवाहू | शनिवार, रात्री ११:३२

बघितला होता पूर्वी. मलाही म्हातारपणच दिसलं होतं. आता तुमचं ताटाचं वाचून परत बघतो.

---

कातरकाम | शनिवार, रात्री ११:५८

माझं काम संकलनाचं आहे, त्यामुळे थोडं जास्त लिहितो.

ते संग्रहालय म्हणजे टेनेसी राज्यात हेंडरसनव्हिल इथलं 'हाउस ऑफ कॅश'. बरीच वर्षं बंद होतं, पाण्याने खराब झालेलं होतं. रोमानेकने ते जसं होतं तसंच दाखवलं, झाडलोट न करता. 'लोकांसाठी बंद' अशी पाटीसुद्धा दिसते. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने ती धूळ सेटवर आणून टाकली असती. इथे ती खरोखर साचलेली आहे.

टेबलाचं म्हणाल तर ती चित्रकलेतली जुनी परंपरा आहे. सतराव्या शतकात हॉलंडचे चित्रकार अशी टेबलं रंगवायचे: पिकलेली फळं, कलंडलेला पेला, विझलेली मेणबत्ती, कधी कवटी. हे सगळं नासणार आहे, तुम्हीही जाणार आहात, असा त्यांचा अर्थ. म्हणजे तुमच्या भावाचं बरोबर आहे, टेबल मृत्यूचंच आहे. पण तुमचं ताटही मला खोटं वाटत नाही.

संकलन बघा. सुरुवातीला दृश्यं सावकाश बदलतात. शेवटाकडे पियानोचा एकच सूर ठोकल्यासारखा वाजत राहतो आणि जुनी दृश्यं एकावर एक आदळतात. माणसाला नको असलेल्या आठवणी येतात त्या अशाच येतात. मग झाकण, आणि शांतता.

---

सोबर_११ | रविवार, सकाळी ७:०५

मी स्वतः दारुडा. ११ वर्षं सोबर, म्हणजे दारूला शिवलो नाही, आजचा दिवस धरून.

ताई, तुमच्या बाबांचं वाचून पोटात कालवलं. पण व्हिडिओबद्दल माझं मत वेगळं आहे. पिणारा माणूस दारू अशी ओतत नाही. माझ्या हातून एकदा क्वार्टर फुटली होती, मी फरशीवर बसून फडक्याने टिपून ते फडकं ग्लासात पिळलं होतं. ज्याला तलफ आहे त्याच्यासाठी एक थेंब म्हणजे जीव. हा माणूस अख्खा पेला ओततो आणि ओतताना त्याची नजर ढळत नाही. तो दारूच्या पलीकडे गेलेला माणूस आहे. म्हणून मी म्हणतो की हा व्हिडिओ पिण्याचा नाही, सुटल्यानंतरचा आहे.

सुटल्यानंतरचं कोणी दाखवत नाही. सिनेमात दारू सुटली की बासरी वाजते आणि पिक्चर संपतो. खरं तर तिथून पुढे माणूस आपलं बंद पडलेलं संग्रहालय बघत बसतो. कोणाला काय बोललो, कोणाचं काय विकलं. बायकोच्या पाटल्या विकल्या होत्या मी. आता नवीन करून दिल्या, ती घालते, पण त्या त्या नाहीत.

---

पेटीवाल्याची_लेक | रविवार, सकाळी ८:२०

@सोबर_११ दादा, फडक्याचं वाचून थांबलेच. एवढं उघड लिहिलंत, मनापासून आभार. 'सुटल्यानंतरचा' हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी १०:४५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. दोन-तीन गोष्टी नोंदवतो.

एक, थरथरणारे हात. त्यावरून बरेच जण नशा उतरल्याची लक्षणं म्हणतात, इथेही कोणी म्हणेल. कॅशला १९९७ मध्ये मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं होतं, नंतर ते निदान बदलून मधुमेहामुळे झालेली नसांची हानी असं सांगितलं गेलं. ती थरथर आजाराची आहे. दारू बंद केल्यावरची थरथर वेगळी, ती शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होते. याच निमित्ताने सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवा.

दुसरं, गाण्याची पहिली ओळ. स्वतःला इजा करून बघितली, अजून काही जाणवतंय का ते तपासायला, असा तिचा भाव आहे. लोकांना वाटतं नैराश्य म्हणजे दुःख. माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण दुःखाची तक्रार करत नाहीत, ते म्हणतात "काहीच वाटत नाही डॉक्टर." नात झाली तरी नाही, आवडीचं जेवण समोर आलं तरी नाही. ते भरलेलं टेबल मला या बधिरपणाचं चित्र वाटतं. पेटीवाल्याची_लेक यांनी वडिलांच्या ताटाबद्दल लिहिलंय, ती कदाचित नुसती दारू नव्हती. व्यसन आणि नैराश्य पुष्कळदा एकाच घरात नांदतात आणि आपण एकालाच दार उघडतो.

गाण्यात सुईही येते. २८ वर्षांच्या रेझ्नरच्या तोंडी ती नशेची सुई वाटते. कॅशचं व्यसन गोळ्यांचं होतं. त्याच्या तोंडी ती मला दवाखान्यातली सुई वाटते, रोज टोचून टोचून जागा उरली नाही अशी.

---

खारे_शेंगदाणे | रविवार, दुपारी १२:१५

कॅशच्या गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर शहामृगाची गोष्ट कोणीतरी सांगा!

---

कोरडवाहू | रविवार, दुपारी १२:२१

शहामृग???

---

खारे_शेंगदाणे | रविवार, दुपारी १२:४०

हो हो, खरंखुरं शहामृग. कॅशने आपल्या जागेत प्राणी पाळले होते. १९८१ मध्ये त्यातल्या एका शहामृगाने त्याच्यावर झेप घेतली, लाथ मारली, बरगड्या मोडल्या. कमरेच्या पट्ट्याचं जाड बक्कल मधे आलं म्हणून पोट वाचलं असं त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. ऐकून सगळे हसतात, मीही हसलो होतो. पण पुढे काय झालं बघा. दुखणं थांबायला गोळ्या दिल्या, आणि वर्षानुवर्षं सांभाळलेला माणूस परत गोळ्यांत गेला. १९८३ च्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावं लागलं.

---

मेडिकलवाला_नाशिक | रविवार, दुपारी ३:३०

@खारे_शेंगदाणे ही गोष्ट माझ्या काउंटरवर दर आठवड्याला घडते, शहामृग सोडून.

कॅशला १९६५ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला पकडलं तेव्हा त्याच्याकडे ६८८ डेक्सड्रिन आणि ४७५ इक्वॅनिल सापडल्या होत्या. एक तरतरी आणणारी, दुसरी शांत करणारी. उठायला एक, झोपायला दुसरी. दोन्ही डॉक्टर लिहून देतात ती औषधं. म्हणून घरच्यांना कळत नाही. दारूचा वास येतो, गोळीचा येत नाही.

आपल्याकडे २०१४ पासून शेड्यूल एचवन हा औषधविक्रीचा नियम आहे. अल्प्राझोलम, ट्रामाडॉल, कोडीनची सिरप अशा औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवायचं, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, ३ वर्षं जपायचं. तरी एक काका यायचे, निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा शर्ट. झोपेच्या गोळीची चिठ्ठी. ती चिठ्ठी इतक्यांदा घडी घातलेली की घडीवर भोक पडलं होतं आणि तारीख नेमकी त्या भोकात गेली होती. मी गोळ्या दिल्या नाहीत. ते माझ्यावर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "मग आज रात्री मी काय करू?" दुकान बंद करून त्यांना घरी सोडलं, मुलाशी बोललो. आता उपचार चालू आहेत. व्हिडिओत टेबलाशी बसलेल्या कॅशचा चेहरा बघितला आणि ते काका दिसले.

---

वऱ्हाडी_माणूस | रविवार, संध्याकाळी ६:१०

राजेहो, सगळ्या गोष्टीत प्रतीक शोधायची गरज आहे का? काळे कपडे म्हणजे शोक, वाइन म्हणजे रक्त, पियानो म्हणजे शवपेटी... कुठवर जायचं? तो माणूस आयुष्यभर काळेच कपडे घालत होता, गरिबांसाठी आणि तुरुंगातल्या लोकांसाठी म्हणून. म्हातारा आहे, गातो आहे, आवाज फुटतो आहे. मले तेवढंच पुरतं. रडूही आलं.

---

वसईकर | रविवार, रात्री ९:०५

वऱ्हाडीदादा, काळ्या कपड्यांचं पटलं. पण वाइनचं सोडवत नाही मला. मी वसईचा, कॅथलिक, घरात आम्ही मराठीच बोलतो.

शेवटाकडे येशूला क्रुसावर खिळे ठोकतानाची दृश्यं येतात. ती कॅशनेच १९७३ मध्ये काढलेल्या येशूवरच्या चित्रपटातली आहेत. आणि गाण्यात त्याने एकच शब्द बदलला. रेझ्नरच्या मूळ ओळीत मुकुट घाणीचा आहे, कॅशने तो काटेरी मुकुट केला. एका शब्दाने गाणं फिरलं. मूळ गाण्यातला माणूस स्वतःची किळस करतो. कॅशचा माणूस आपण काय केलं ते मान्य करतो आणि ते कोणापुढे तरी ठेवतो. आमच्यात याला कबुली म्हणतात.

म्हणून ती वाइन मला दारू वाटत नाही. येशूच्या शेवटच्या भोजनाचं टेबल आहे ते, फक्त शिष्य कोणी उरले नाहीत. एकटाच बसलाय.

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दर आठवड्याला एएची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग भरते, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे येतात. खुर्च्या मांडायला मी जातो. तिथे पाचवी पायरी असते, आपल्या चुका देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करायच्या. सोबर_११ यांना माहीत असेल.

---

सोबर_११ | रविवार, रात्री ९:३०

@वसईकर माहीत आहे. ती पायरी चढायला मला २ वर्षं लागली. खुर्च्या मांडणाऱ्यांना आम्ही कधी आभार म्हणत नाही, आज म्हणतो.

---

गोंगाट | रविवार, रात्री १०:५०

नाइन इंच नेल्सचा जुना भक्त म्हणून मूळ गाण्याची बाजू मांडतो. त्यांचा व्हिडिओ कार्यक्रमात चित्रित केलेला आहे. बँडपुढे पडदा, त्यावर युद्धाची दृश्यं, आणि एका मेलेल्या कोल्ह्याचं सडणं उलट्या क्रमाने: आधी सापळा, मग अंगावर मांस, केस परत येतात. मला ते व्यसनाचं फार नेमकं चित्र वाटतं. व्यसनी माणसाला हेच हवं असतं, की झालेलं सगळं उलटं फिरावं.

अख्खा अल्बम एका माणसाच्या खाली खाली जाण्याचा आहे. रेझ्नर स्वतः पुढे व्यसनात बुडाला आणि २००१ मध्ये बाहेर आला. म्हणजे गाणं लिहिताना त्याचं पुढचं सगळं व्हायचं होतं, आणि कॅशने गायलं तेव्हा त्याचं सगळं होऊन गेलं होतं. कॅशचा व्हिडिओ बघून हे गाणं आता आपलं राहिलं नाही असं वाटल्याचं रेझ्नरने सांगितलंय. मला मात्र दोन्ही लागतात. २८ व्या वर्षाचं 'हर्ट' आधी ऐकलं नाही तर ७० व्या वर्षाचं अर्धंच कळतं.

---

उंबरा | सोमवार, पहाटे ५:४०

दोन दिवस वाचतेय. सगळे टेबलाबद्दल, वाइनबद्दल, हातांबद्दल बोलले. जिन्यावरच्या बाईबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

ती जून कार्टर, कॅशची बायको. मोजून काही क्षण दिसते. जिन्यावर उभी आहे, खाली गाणाऱ्या नवऱ्याकडे बघतेय. बोलत नाही. तिच्या चेहऱ्यावर प्रेम आहे, भीती आहे, आणि एक हिशेब आहे, जो फक्त आम्हा बायकांना वाचता येतो. आज कसा आहे हा? आवाज कसा आहे? पाऊल नीट पडतंय का?

मी तशी २२ वर्षं उभी होते. आमच्याकडे जिना नाही, उंबरा आहे. स्कूटरच्या आवाजावरून मला कळायचं किती झालीय. स्टँडला लावताना एकदाच खट्ट झालं तर बरं. दोन-तीनदा घसरून लागला तर मी मुलांची वह्या-पुस्तकं उचलून आतल्या खोलीत न्यायची. आता नवरा सुधारलाय, ४ वर्षं झाली. तरी स्कूटर लागली की माझे कान अजून ती खट्ट मोजतात. रात्रपाळी डॉक्टर, यालाही काही नाव असेल ना?

नवरा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होता. ते १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं, अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं. तिथे बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. पहिल्या दिवशी मी गेले ती नवऱ्याबद्दल सांगायला. समोरच्या बाई म्हणाल्या, "त्यांचं राहू दे, तुम्ही कशा आहात?" २२ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही.

त्या व्हिडिओत जूनला कोणी विचारलं असेल का? व्हिडिओ २००३ च्या सुरुवातीला आला आणि १५ मे २००३ ला ती गेली. त्याच्या आधी. तो पुढे ४ महिने जगला, १२ सप्टेंबरला गेला.

---

कातरकाम | सोमवार, सकाळी ९:१५

@उंबरा मी हा व्हिडिओ कामासाठी म्हणून कितीदा बघितला असेल, आणि तो जिना माझ्यासाठी नुसता एक शॉट होता. आता तसा राहिला नाही.

तांत्रिक माहिती म्हणून: एमटीव्हीच्या २००३ च्या पुरस्कारांत याला ६ नामांकनं होती, मिळालं ते छायालेखनासाठी. पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं, तोवर दोघंही नव्हते. जिना होता ते कॅशचं घर २००७ मध्ये जळून गेलं. तो जिना आता फक्त या व्हिडिओत आहे.

---

वऱ्हाडी_माणूस | सोमवार, सकाळी ९:५०

उंबराताई, मी वर म्हटलं होतं प्रतीकं शोधू नका. ते मागे घेतो.

---

मेडिकलवाला_नाशिक | सोमवार, सकाळी ११:००

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. 'जूनने कॅशला वाचवलं' ही कथा फार सांगितली जाते. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिने आणि तिच्या आईवडिलांनी त्याला सावरलं हे खरं. १९६८ मध्ये लग्न झालं. पण त्यानंतरही तो घसरला, आणि १९८३ मध्ये अख्ख्या कुटुंबाने दवाखान्यात त्याच्या खाटेभोवती उभं राहून एकेकाने सांगितलं, तुझ्या गोळ्यांनी आमचं काय झालं ते. तेव्हा तो उपचाराला तयार झाला. बायकोच्या प्रेमाने व्यसन सुटतं असं मुलींना सांगू नका. त्याच भरवशावर पोरी अजून उजवल्या जातात, "लग्न झालं की सुधारेल" म्हणून.

---

उंबरा | सोमवार, सकाळी ११:२०

माझं लग्न असंच झालं होतं.

---

रात्रपाळी | सोमवार, दुपारी २:१०

@उंबरा त्याला अतिसावधपणा म्हणतात. धोका संपला तरी शरीर पहारा सोडत नाही. त्यावर उपचार आहेत, आणि ते तुम्ही स्वतःसाठी घ्यायचे आहेत. 'सहचरी'त जात राहा, शिवाय एकदा समुपदेशकाकडे एकटीने जा.

---

अनामिक_२१ | मंगळवार, रात्री १२:५५

पहिल्यांदाच लिहितोय. वय २१. हे गाणं मी रोज रात्री लावतो. डॉक्टर म्हणाले ते 'काहीच वाटत नाही', ते मला ४ महिने होतंय. व्यसन वगैरे नाही. घरी सांगितलं तर म्हणतील मोबाइल कमी कर.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १:०४

मित्रा, बरं झालं लिहिलंस. ४ महिने म्हणजे हा आजार आहे, तुझा स्वभाव नाही, आणि तो बरा होतो. आत्ता जागा असशील तर १४४१६ लाव. टेलिमानस, सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. स्वतःला इजा करावीशी वाटतेय का? 'हो' असेल तर घरातल्या कोणालाही आत्ता उठव. मी इथे ऑनलाइन आहे.

---

सोबर_११ | मंगळवार, रात्री १:१६

मीही जागा आहे पोरा. लिही.

---

अनामिक_२१ | मंगळवार, रात्री १:५०

इजा वगैरे नाही. फोन लावला. बाई बोलल्या बराच वेळ. उद्या आत्याला सांगणार आहे, ती ऐकून घेते.

---

वसईकर | मंगळवार, सकाळी ६:३०

आत्याला सांगितलंस की इथे एक ओळ टाक.

---

पेटीवाल्याची_लेक | गुरुवार, रात्री १०:१५

धागा मी सुरू केला आणि गेले तीन दिवस नुसती वाचत होते. भावालाही वाचायला दिला.

काल बाबांना व्हिडिओ दाखवला. इंग्रजी त्यांना कळत नाही, शब्द मी सांगितले नाहीत. ते टेबलाकडे बघतील, वाइनकडे बघतील असं मला वाटत होतं. ते फक्त त्याच्या बोटांकडे बघत होते. पियानोचं झाकण बंद झालं तेव्हा म्हणाले, "झाकण लावताना बघ कसं हळू लावलं. वाजवणारा माणूस आहे."

मग उठून माळ्यावरची पेटी काढली. १० वर्षं कापडात बांधलेली होती. भात्याला उंदराने तीन ठिकाणी कुरतडलंय, काळी चारची पट्टी दाबली की वर येत नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कणकेचे हात तसेच. उंबराताई, मी या वेळी तिच्याकडे बघितलं. विचारलं, "आई, तू कशी आहेस?" ती म्हणाली, "पेटी खाली ठेवा, फरशी आत्ताच पुसलीय."

शनिवारी मिरजेला घेऊन जातोय. भाता नवीन लागेल असं फोनवर कारागीर म्हणाला.

---

अनामिक_२१ | गुरुवार, रात्री ११:३०

आत्याला सांगितलं. सोमवारी डॉक्टरकडे जातोय, ती सोबत येणार आहे.

---

उंबरा | शुक्रवार, पहाटे ५:३५

@पेटीवाल्याची_लेक आईला परत विचार. पहिल्यांदा उत्तर येत नाही.